झिलाक बोटीर धाडू काय?

मालवणच्या बाजारात, एसटीत, एकदा तर मयताच्या घरीसुद्धा मला बाजूला घेऊन विचारलंय, "झिलाक बोटीर धाडू काय रे?" म्हणजे मुलाला बोटीवर नोकरीला पाठवू का? बोट म्हणजे क्रूझ. सहा कॉन्ट्रॅक्ट मी तिथल्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात काढली. दर वेळी उभ्या उभ्या काहीतरी सांगून सुटतो. तुम्ही विचारलंत म्हणून आज बसून सांगतो.

आधी पैसा, कारण विचारणाऱ्याला खरं तेच विचारायचं असतं. कॉमी, म्हणजे गॅलीतला सर्वांत खालचा स्वयंपाकी, म्हणून माझा पहिला पगार ७०० डॉलर होता. राहणं-खाणं फुकट आणि पैसे उडवायला जागा नाही. क्रू बार आहे, तिथे काहींचा अर्धा पगार जातो, ते सोडा. दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टच्या पैशांत घरावर स्लॅब पडला, हे खरं. पण हिशोब बारा महिन्यांचा करा. आठ महिने बोटीवर, मग दोन-अडीच महिने घरी, आणि घरी असताना पगार शून्य. पीएफ नाही, पुढचं कॉन्ट्रॅक्ट मिळेलच असंही कुणी लिहून देत नाही. मेडिकलमध्ये बीपी निघालं की तिथेच अडकलात. मार्च २०२० मध्ये जगभरच्या क्रूझ थांबल्या तेव्हा मी सुट्टीवर होतो. पुन्हा जॉइनिंग मिळालं ऑगस्ट २०२१ ला. मधले सतरा महिने मामाबरोबर रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरायला, जात होतो.

काम किती? आठ महिन्यांत एकही सुट्टी नाही. रविवार नाही, गणपती नाही. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे चोवीस तासांत किमान १० तास विश्रांती द्यावी लागते, जास्तीत जास्त दोन तुकड्यांत, आणि त्यातला एक तुकडा सहा तासांचा हवा. नियम पाळायचे, खोटं कशाला बोलू. माझी ड्यूटी पहाटे साडेपाच ते दहा, साडेअकरा ते अडीच, मग संध्याकाळी सहा ते साडेनऊ. मधल्या साडेतीन तासांत झोपायचं, कपडे धुवायचे, घरी फोन लावायचा की बार्सिलोना बघायचं? त्यातच बोट ड्रिल, म्हणजे संकटात बोट सोडायचा सराव, असली तर काहीच नाही. बार्सिलोनाला मी अकरा वेळा गेलोय. ते प्रसिद्ध चर्च एकदाच पाहिलं, तेही बाहेरून, धावत.

केबिन पाण्याच्या पातळीखाली, खिडकी नाही, दोघांत एक. वरच्या बंकवर मी, खाली एक फिलिपिनो. त्याला मी 'कुया' म्हणायचो, म्हणजे दादा. त्याची रात्रपाळी, त्यामुळे आठ महिन्यांत आमची ओळख जास्त करून त्याच्या बंकच्या पडद्याशी. आज वार कोणता, हे कळायचं लिफ्टमधल्या सतरंजीवरून. पाहुण्यांसाठी ती रोज बदलतात, तिच्यावर वार विणलेला असतो.

एक मजा सांगतो. आईने दिलेला ठेचा मी गॅलीच्या फ्रिजमध्ये एका डब्यात लपवला होता. अमेरिकेच्या बंदरात त्यांच्या आरोग्य खात्याचे लोक न सांगता येतात आणि बोटीला १०० पैकी गुण देतात. ८५ किंवा खाली आले की नापास. ते आले अशी कुजबुज झाली की गॅलीत पळापळ. तारखेची चिठ्ठी नसलेला प्रत्येक डबा कचऱ्यात. शेफने माझा डबा उघडला, वास घेतला, शिंकला आणि टाकला. बोट ९६ गुणांनी पास झाली. मी मात्र दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही.

आणि अटलांटिक. एप्रिलमध्ये कॅरिबियनहून युरोपला जाताना घड्याळ एकेका रात्री तासभर पुढे करतात. साडेपाचची ड्यूटी साडेपाचलाच, झोप तेवढी कमी. शरदात उलटं येताना तोच तास परत मिळतो. 'टुनाइट वन अवर बॅक' अशी पाटी मेसच्या दारावर लागली की चाळीस देशांची माणसं एकदम टाळ्या वाजवतात. पगारवाढीलाही तेवढ्या वाजल्या नसत्या.

तरीही जातात, मीही सहादा गेलो. कांदा सोलत सुरुवात केली आणि सहाव्या कॉन्ट्रॅक्टला हाताखाली नऊ जण होते. हजार माणसांचं जेवण वेळेवर बाहेर काढायचं शिकलो, म्हणून आज माझी खानावळ चालते. नायजेरियनांचं चर्च, सर्बियनांची भांडणं, सगळं एका पॅसेजमध्ये पाहिलं.

पाठवायचंच तर एक करा. एजंटकडे डीजी शिपिंगचा, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज खात्याचा, आरपीएसएल (बोटीवर माणसं भरती करायचा) परवाना आहे का, हे त्यांच्या साइटवर नंबर टाकून बघा. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं सरकारी ओळखपुस्तक), बेसिक सेफ्टीचे कोर्स, मेडिकल, हे खर्च असतात. पण नोकरी लावून देतो म्हणून लाख-दीड लाख मागणाऱ्याच्या दारात परत जाऊ नका. असे पैसे घ्यायला कायद्यानेच बंदी आहे.

हे सगळं मी गेल्या आठवड्यात एका काकांना पाऊण तास सांगितलं. त्यांनी चहा संपवला, मिशी पुसली आणि विचारलं, "पण पगार डॉलरातच देतत मां?"