कॅल्क्युलेटरमधला क्रॉसओव्हर आणि खोक्यातला स्पीकर

स्पीकरच्या पाठीवर ‘8 ओहम’ छापलेलं असतं आणि घरी स्पीकर बांधणारी बहुतेक पोरं त्याच आकड्यावर क्रॉसओव्हर, म्हणजे जाड आवाज वूफरला आणि बारीक आवाज ट्वीटरला वाटून देणारा फिल्टर, काढून मोकळी होतात. 2500 हर्ट्झला तोडायचं, तर वूफरला 0.51 मिलीहेन्रीची कॉइल आणि ट्वीटरला 8 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. गणित बरोबरच असतं. पण ते 8 ओहमच्या रेझिस्टरचं गणित आहे, आणि वूफर म्हणजे रेझिस्टर नव्हे.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. दिवसा पंपाच्या मोटारी, संध्याकाळी स्पीकर. डॉल्बीवर काम करणारा गल्लीतला एक पोरगा परवा असाच कागद घेऊन आला.

“काका, मागं आठ ओहम लिवलंय की.”

“लाव मीटर.”

मल्टिमीटरनं 6 दाखवले. मग साउंडकार्ड आणि एक रेझिस्टर जोडून कॉम्प्युटरवर इंपिडन्सचा, म्हणजे प्रत्येक फ्रिक्वेन्सीला स्पीकर किती ओहम दाखवतो त्याचा, आलेख काढला. रेझोनन्सला, म्हणजे पडदा स्वतःहून झुलतो त्या फ्रिक्वेन्सीला, 30 च्या वर सुळका, तिथून खाली 7 पर्यंत उतार आणि पुढे पुन्हा चढण. 2500 हर्ट्झला 11 ओहम! कारण स्पीकरचा पडदा हलवणारी व्हॉइस कॉइल हीसुद्धा कॉइलच. त्या वूफरची 0.6 मिलीहेन्री निघाली. तिच्या आधी आपण 0.5 ची कॉइल लावली, तर वरच्या पट्टीत दोन कॉइल व्होल्टेज वाटून घेतात आणि स्पीकरला मिळणारं व्होल्टेज जेमतेम 5 डेसिबलनं उतरून तिथंच थांबतं. आपण समजतो वूफर कापला गेला, तो मात्र ट्वीटरच्या गल्लीत गातच राहतो.

यावर झोबेल नावाची जोडणी लावायची. साधारण 7.5 ओहमचा रेझिस्टर आणि 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकामागे एक, आणि ती जोडी वूफरला पॅरलल. इंपिडन्सची चढण सपाट होते, मग कॉइल आपलं काम करते.

तरी निम्मंच काम झालं. खोक्याची पुढची फळी 23 सेंटिमीटर रुंद असेल, तर साधारण 500 हर्ट्झच्या खाली आवाज मागेही पसरतो आणि समोर बसलेल्याला बेस कमी पडतो. हे क्रॉसओव्हरच्या छापील सूत्रात येत नाही. म्हणून स्पीकर त्याच्या स्वतःच्या खोक्यात बसवून समोर माइक ठेवून मोजायचा, ते मोजमाप व्हिट्यूइक्सकॅड या क्रॉसओव्हर काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये घालायचं आणि त्यावर कॉइल-कपॅसिटरची मापं ठरवायची. सॉफ्टवेअर फुकट आहे. लिंकविट्झ आणि रायली यांनी 1976 साली मांडलेला, दर सप्तकाला 24 डेसिबलचा उतार मला सर्वांत पसंत आहे, पण तो उतार फिल्टर आणि स्पीकर मिळून कानाशी हवा. स्पीकर स्वतःहून जेवढा उतरतो तेवढं काम फिल्टरचं वाचतं.

कॉइल मात्र विकत घेऊ नका, गुंडाळा. फॉर्म्याचा दांडा 25 मिलिमीटर, दोन चकत्यांमधली जागा 12.5, भरावाची जाडीही तेवढीच. या मापात कमी तांब्यात जास्त हेन्री मिळतात. 0.5 मिलीहेन्रीसाठी 19 गेजची एनॅमल तार, सव्वाशेच्या आसपास वेढे, म्हणजे 15 मीटर तार आणि 0.3 ओहम. पाच-सहा वेढे जास्त घ्या आणि हेन्री मोजणारा एलसीआर मीटर बघत सोडवत या. हेन्री वेढ्यांच्या वर्गानं बदलते, त्यामुळे तीन वेढे सोडले की पाच टक्के उतरते. मग वार्निश, मोटारीला देतो तसंच, नाहीतर मोठ्या आवाजात वेढे थरथरतात. बोर्डावर दोन कॉइल शेजारी आडव्या ठेवू नका, एक उभी करा.

सगळं जोडल्यावर ट्वीटरच्या तारा उलट्या करून मोजा. आलेखात 2500 ला खोल खड्डा पडला, तर दोघांची फेज जुळली, म्हणजे सरळ तारांवर दोघांचे पडदे तिथं एका तालात हलतात. तारा सरळ करा आणि आता ऐका.

मी मल्लिकार्जुन मन्सूर लावतो. अल्लादियाखाँची गायकी त्यांना खाँसाहेबांचे चिरंजीव भुर्जीखाँ यांच्याकडून मिळाली, आणि अल्लादियाखाँ शाहू महाराजांच्या दरबारातले, आमच्या कोल्हापूरचेच. आकारातली तान वर चढताना गळा एकाच जागी राहायला हवा. वूफरमधून ट्वीटरकडं सरकला, तर आलेख कितीही सुंदर असो, मी पुन्हा बोर्ड उघडतो.

त्या पोराला आता थ्री-वे, म्हणजे तीन स्पीकरांत वाटलेला, करायचाय, वूफर 350 हर्ट्झला तोडून. तिथं कॉइल 3.6 मिलीहेन्रीची लागते. 19 गेजमध्ये 48 मीटर तार, साडेतीनशे ग्रॅम तांबं आणि 1 ओहम. 6 ओहमच्या वूफरआधी 1 ओहम म्हणजे सव्वा डेसिबलहून जास्त आवाज गेला, शिवाय बेस सैल झाला, लागणाऱ्या खोक्याचं माप बदललं. त्याला सांगितलंय, एकतर 16 गेज घे आणि खर्च सोस, नाहीतर कॉइलच्या पोटात लोखंडी पट्ट्यांचा कोअर घालून बघू. पण कोअर भरपूर मोठा हवा, बेसच्या दणक्यात लोखंड सॅच्युरेट झालं, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावेना, की आवाज फाटतो. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या दुकानात पडल्यात. रविवारी तो वूफर घेऊन येतोय, खोक्यासकट.