सायन्युरिक आम्ल १६० वरून ४५ वर : घरगुती तलावातील पाणीबदलाची नोंद

अलिबाग तालुक्यातील आमच्या वाडीत असलेल्या पोहण्याच्या तलावाचे पाणी या जानेवारीत दोन टप्प्यांत बदलले. ज्यांच्या तलावाला वर्षानुवर्षे टीसीसीएच्या (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्ल, म्हणजे क्लोरीन आणि सायन्युरिक आम्ल यांचे संयुग) गोळ्यांतून क्लोरीन दिले जाते, त्यांना यातील आकडेमोड उपयोगी पडेल, म्हणून ती सविस्तर मांडत आहे. तलाव ८ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद असून खोली १.१ पासून १.७ मीटरपर्यंत उतरत जाते, सरासरी १.४ मीटर धरली तर पाणी सुमारे ४५,००० लिटर भरते. बांधकाम आरसीसीचे, आतून ग्लास मोझॅक टाइल, एक सँड फिल्टर, एक स्किमर (पृष्ठभागावरचे पाणी ओढून घेणारे तोंड) आणि तळाशी मेन ड्रेन अशी साधी रचना आहे.

डिसेंबरच्या अखेरीस पाणी दिसायला निवळशंख होते, परंतु शिडीमागच्या सावलीच्या कोपऱ्यात भिंतीला बुळबुळीत हिरवट थर धरू लागला होता. मुक्त क्लोरीन ३ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम; पुढचे आकडेही याच मापात) आणि पीएच ७.२, म्हणजे नेहमीच्या तक्त्यांनुसार सारे ठीकच होते. मग सायन्युरिक आम्ल मोजले. तळाशी काळा ठिपका असलेल्या चाचणीच्या नळीत, चाचणीचे द्रव्य मिसळून गढूळ झालेला नमुना ओतू लागताच ठिपका १०० च्या खुणेच्या आधीच दिसेनासा झाला, याचा अर्थ प्रमाण १०० च्या वर होते आणि तेथून पुढे ही नळी विश्वासाची राहत नाही. अशा वेळी तलावाच्या पाण्यात तितकेच विहिरीचे पाणी मिसळून चाचणी करावी आणि आलेला आकडा दुप्पट करावा. मिश्रणाचा आकडा ८० आला, म्हणून मूळ प्रमाण १६०. ही चाचणी सूर्याकडे पाठ करून, नळी कमरेच्या उंचीवर धरून आणि नमुना फार थंड नसताना करावी; थंड नमुन्यात आकडा भरवशाचा राहत नाही.

सायन्युरिक आम्ल क्लोरीनला उन्हापासून वाचवते, पण त्याच वेळी त्याचा मोठा हिस्सा बांधूनही ठेवते. त्यामुळे शेवाळ रोखण्यासाठी मुक्त क्लोरीन या आम्लाच्या निदान ७.५ टक्के असावे लागते. १६० च्या हिशेबाने ते १२ पीपीएम होते, आणि आमच्याकडे होते ३. शेवाळ पुरते मारायचे तर क्लोरीन सायन्युरिक आम्लाच्या ४० टक्क्यांपर्यंत चढवून तेथे टिकवावे लागते, म्हणजे ६४ पीपीएम. त्यासाठी १० टक्के सोडियम हायपोक्लोराइट जवळजवळ २९ लिटर एका दमात ओतावे लागले असते. आम्ल ४५ वर आणल्यावर हेच काम १८ पीपीएममध्ये, म्हणजे ८ लिटरच्या आसपास होते. आधी पाणी बदलायचे आणि मग शेवाळाकडे वळायचे, हा क्रम त्यावरूनच ठरला.

हे आम्ल आले कोठून, याचा हिशेब प्रत्येकाने एकदा स्वतः करून पाहावा. ४५,००० लिटरमध्ये १६० पीपीएम म्हणजे ७.२ किलो सायन्युरिक आम्ल. टीसीसीएच्या वजनातील साधारण ५५ टक्के भाग हेच आम्ल असते, म्हणजे तलावात साठलेला हा ऐवज निदान १३ किलो गोळ्यांचा आहे. गोळीतून १० पीपीएम क्लोरीन मिळाले की ६ पीपीएम सायन्युरिक आम्ल मागे उरते. क्लोरीन खर्ची पडते, पाणी वाफ होऊन जाते, आम्ल मात्र जागचे हलत नाही. साध्या घरगुती उपायांत पाणी काढून नवे भरणे एवढाच त्यावर भरवशाचा इलाज आहे.

कठीणपणाची गोष्टही अशीच आहे. तलावातील कॅल्शियमचा कठीणपणा ४८० आणि विहिरीचा १८०. मधला फरक बाष्पीभवनाची भरपाई आणि अधूनमधून वापरलेली कॅल्शियमयुक्त ब्लीचिंग पावडर यांनी भरून काढला. दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडते असे धरले तरी ३२ चौरस मीटरच्या पृष्ठभागावरून रोज १६० लिटर जाते, आणि त्या जागी येणारे विहिरीचे पाणी आपले कॅल्शियम मागे ठेवते. (टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर ही दोन द्रव्ये कोरडी असतानाही कधी एकत्र येऊ देऊ नयेत, एकाच मापानेही घेऊ नयेत, त्यातून आग लागते, स्फोटही होतो.)

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट टाइलांच्या सांध्यांत सापडली. कठीणपणा ४८० असताना पांढरी पुटे चढायला हवीत, पण बोट फिरवले तर ग्राउट (सांध्यांतला सिमेंटचा भराव) खरखरीत आणि जागोजागी खचलेले लागत होते. पाणी पुटे चढवेल (अधिक) की सिमेंट खाईल (उणे) हे सांगणारा, लँगेलियर यांनी १९३६ साली मांडलेला निर्देशांक काढताना एकूण अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) ९० जशीच्या तशी घेतली तर उत्तर उणे ०.१ च्या आसपास, म्हणजे समतोलच येते. परंतु त्या ९० मध्ये सायन्युरिक आम्लाच्या क्षारांचाही वाटा असतो, आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या समतोलाशी त्याचा संबंध नसतो. ७.२ पीएचला हा वाटा आम्लाच्या साधारण ०.२७ पट, म्हणजे ४३. तो वजा केल्यावर खरी कार्बोनेट अल्कलिनिटी उरते ४७, आणि एकूण क्षार जास्त असल्याचीही दुरुस्ती केली की निर्देशांक उणे ०.४ च्या जवळ जातो. हे पाणी सिमेंट खाणारे होते. गोळ्या स्वतः तीव्र आम्लधर्मी असल्याने पीएच आणि अल्कलिनिटी दोन्ही सतत खाली ओढल्या जात होत्या, आणि चाचणीपेटीतला ९० चा आकडा ते झाकून ठेवत होता. ज्यांच्याकडे गोळ्यांवर चालणारा टाइलचा तलाव आहे, त्यांनी ही वजाबाकी आवर्जून करावी.

१६० वरून ४० वर यायचे तर एकाच वेळी तीन चतुर्थांश, म्हणजे ३४,००० लिटरच्या आसपास पाणी काढणे पुरे होते. अर्धे-अर्धे दोनदा बदलले तर १६० चे ८० आणि ८० चे ४० होतात, पण पाणी ४५,००० लिटर लागते. हा जवळपास ११,००० लिटरचा जादा खर्च मी जाणूनबुजून स्वीकारला. जवळजवळ रिकामा झालेला तलाव उन्हात तापला तर टाइल सुटू शकतात, आणि जमिनीतील पाणी वर असेल तर धोका त्याहून मोठा असतो. तळापेक्षा भूजल १ मीटर वर असेल तर दर चौरस मीटरला १ टन जोर खालून लागतो. आमच्या ३२ चौरस मीटरच्या तळावर तो ३२ टन होतो. रिकाम्या तलावाची पेटी त्या जोराने उचलली जाते किंवा तडकते. या बाबतीत वाडीतली विहीर हेच उत्तम मोजमाप आहे. दोरीला वजन बांधून पातळी मोजली तेव्हा पाणी जमिनीपासून ४ मीटर खाली होते, आणि तलावाच्या स्लॅबचा तळ २ मीटरवर आहे. पावसाळ्याच्या शेवटी हीच पातळी जमिनीखाली जेमतेम १ मीटर असते. त्या दिवसांत तलावाला हात लावू नये. उलट एप्रिल-मेपर्यंत थांबले तर भरायला पाणी राहत नाही. आमच्याकडे त्यासाठी जानेवारी-फेब्रुवारी हाच काळ योग्य ठरतो.

काढलेले पाणी वाया घालवायचे नव्हते. गोळ्या बंद करून डीपीडी या क्लोरीनच्या चाचणीत गुलाबी छटा येईनाशी होईपर्यंत थांबलो. सायन्युरिक आम्ल इतके असताना क्लोरीन उतरायला बराच वेळ लागतो, तेवढी सवड धरून ठेवावी. हे पाणी विहिरीच्या पाण्यापेक्षा खारट असते. नारळाला क्लोराइड सोसते, किंबहुना त्याची गरजही असते, म्हणून एका आळ्यात फार न साचवता पाळ्या लावून ते नारळांना दिले. सुपारी आणि आंब्याची कलमे यांना ते दिले नाही, आणि विहिरीच्या बाजूला उतार जाणार नाही याची काळजी घेतली.

पहिल्या टप्प्यात पाण्याची पातळी ७० सेंटिमीटरने उतरवली. उथळ टोकाला ४० सेंटिमीटर आणि खोल टोकाला १ मीटर पाणी उरले. स्किमर उघडा पडण्याआधीच त्याचा व्हॉल्व्ह बंद करून फिल्टरचा पंप थांबवला आणि पुढचे पाणी सबमर्सिबल मोटरने काढले. भरताना घाई केली नाही. समुद्राजवळच्या विहिरीवर एकदम फार उपसा केला तर खारे पाणी आत ओढले जाते, म्हणून मोटर थोडा वेळ चालवून विहिरीला पुन्हा भरू दिले आणि दर वेळी टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरने पाणी तपासले. आकडा वाढला नाही. तलाव भरून फिल्टर चालवल्यावर सायन्युरिक आम्ल ८० आणि कठीणपणा ३३० आला, गणिताला धरून.

दुसऱ्या टप्प्यात पातळी न उतरवता अदलाबदल करून पाहिली. तलावाचे पाणी २४ अंश, विहिरीचे २७ अंश, शिवाय विहिरीच्या पाण्यात क्षार कमी. दोन्ही कारणांनी नवे पाणी हलके, म्हणजे ते वर तरंगणार. मे महिन्यात तलाव विहिरीपेक्षा गरम झाल्यावर हा फायदा मिळणार नाही, कारण तापमान एकीकडे आणि क्षार दुसरीकडे ओढू लागतात. फिल्टर बंद ठेवला, भरणाऱ्या पाइपचे तोंड उथळ टोकाला पृष्ठभागाशी आडवे बांधले जेणेकरून धार खाली घुसू नये, आणि खोल टोकाच्या तळातून तितकेच पाणी काढत राहिलो. दोन्हींचा वेग २०० लिटरचे पिंप भरायला लागणाऱ्या वेळेवरून जुळवला. २२,००० लिटरच्या आसपास पाणी बदलल्यावर, सारे मिसळत गेले असते तर आम्ल ४९ राहिले असते आणि थर पूर्ण वेगळे राहिले असते तर ४०. चाचणीत ४५ आले. या नळीची अचूकता पाहता त्यावरून ठाम दावा करता येत नाही, तरी भूजलाची चिंता असलेल्यांसाठी मला हीच पद्धत अधिक पसंत पडली, कारण तलाव क्षणभरही रिकामा होत नाही.

शेवटी कठीणपणा २६० आणि एकूण अल्कलिनिटी १३३ होती. विहिरीच्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून गेल्यावर पीएच ७.९ पर्यंत चढला. अल्कलिनिटी ९० वर आणण्यासाठी सुमारे ३० टक्क्यांचे हायड्रोक्लोरिक आम्ल एकूण ४ लिटर लागले. ते थोडे-थोडे, पंप चालू ठेवून, बादलीभर पाण्यात आम्ल ओतून (आम्लात पाणी कधीही ओतू नये) आणि दोन मात्रांमध्ये मोजणी करून दिले. पीएच ७.६ ला सायन्युरिक आम्लाचा वाटा १५ वजा करून कार्बोनेट अल्कलिनिटी ७५ धरली की निर्देशांक शून्यावर येतो. शेवाळाचे काम १८ पीपीएमवर, ब्रश मारत आणि फिल्टर बॅकवॉश करत (उलट प्रवाहाने धुत), सुरळीत झाले.

आता गोळ्या बंद आहेत. १ लिटर १० टक्के हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) या तलावात २.२ पीपीएम क्लोरीन देते, त्यामुळे संध्याकाळी रोज १ ते दीड लिटरमध्ये पातळी ४-५ वर टिकते. हायपो उन्हात आणि साठवणीत लवकर नरम पडते, म्हणून छोटे कॅन सावलीत ठेवतो. यंदा पावसाळ्यात तलावावर ताडपत्री घालायची नाही असेही ठरवले आहे. आमच्या भागात २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. ३२ चौरस मीटरवर तो ६४,००० लिटर, म्हणजे तलावाच्या दीडपटीच्या जवळपास. तो वरच्या वर वाहून जाऊ नये म्हणून पाऊस पडत असताना फिल्टरचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह ‘वेस्ट’वर (पाणी थेट बाहेर सोडणाऱ्या खुणेवर) ठेवून तळातून जुने पाणी थोडे-थोडे सोडायचे, तलाव मात्र काठोकाठ ठेवायचा. पावसाच्या पाण्यात कॅल्शियम नसल्यासारखेच, त्यामुळे सप्टेंबरमध्ये कठीणपणा २०० च्या खाली गेलेला असेल आणि कॅल्शियम क्लोराइड घालावे लागेल. ग्राउटचे खचलेले सांधे त्याआधी, मार्चमध्ये, वरच्या ओळीपासून भरायला घेतो आहे.