मेडिकल चौक, लोहापूल आणि माझी एअर-कूल्ड गाडी

माझी गाडी साडेतीनशे सीसीची, एका सिलिंडरची, कार्बोरेटरवाली. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-सिक्स, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे नवे नियम, लागू झाले आणि नव्या मोटरसायकली जवळपास सगळ्या फ्युएल इंजेक्शनवर गेल्या, त्याच्या बऱ्याच आधीची. रेडिएटर नाही, पंखा नाही. सिलिंडरभोवतीच्या फिन्सवरून, म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्यांवरून, वारा गेला तर इंजिन थंड होणार, नाही गेला तर नाही. नागपुरात मे महिन्यात संध्याकाळी सहाला सदरहून मानेवाड्याकडे निघालं की हा वारा कुठेच नसतो. लोहापुलाखाली आणि कॉटन मार्केटपाशी गाडी चालत नाही, सरकते. ऊन उतरलेलं असतं, पण दिवसभर तापलेलं डांबर आणि शेजारच्या बसचं इंजिन आपलं काम करतच असतात.

मागच्या उन्हाळ्यात तिची लक्षणं एका ठरलेल्या क्रमानं यायला लागली. लोहापुलाखालून बाहेर पडेपर्यंत न्यूट्रल लागेनासं व्हायचं. पहिला नाहीतर थेट दुसरा, मधला हिरवा दिवा काही पेटायचा नाही. कॉटन मार्केटला ॲक्सिलेटर सोडला तरी रेस खाली यायला वेळ लावायची. आणि मेडिकल चौकाच्या पुढे रस्ता मोकळा झाला, तिसऱ्या गिअरला जरा ओढली, की टाकीखालून नॉकिंगची, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण अवेळी भडकण्याची, बारीक कडकड. पोटऱ्या भाजायच्या त्या वेगळ्याच.

सल्ल्यांना तोटा नव्हता. ऑफिसातला एक म्हणाला, इंजिनवर ओलं फडकं टाकत जा. दुसरा म्हणाला, जाड ऑइल टाक, सगळं शांत होईल. घराजवळच्या एका गॅरेजवाल्यानं गाडी दोन मिनिटं चालू ठेवून ऐकली आणि सरळ बोअर-पिस्टनचा खर्च सांगितला. धूर नाही, ऑइल कमी होत नाही, ॲव्हरेज थोडं पडलंय एवढंच. मग इंजिन कशासाठी उघडायचं, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. मी गाडी परत आणली.

त्या रात्री कागदावर एक साधा हिशेब मांडला आणि त्यानं माझी दिशाच बदलली. अशा इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरचा वरचा भाग, चालताना दीडशे ते दोनशे अंशांच्या मध्ये कुठेतरी असतं. १८० धरू. हवा ३० अंश असेल तर फरक दीडशेचा, आणि ४५ असेल तर १३५ चा. उष्णता बाहेर पडते ती या फरकाच्या प्रमाणात. म्हणजे जानेवारीच्या दुपारच्या तुलनेत मे महिन्यात इंजिनाचं थंड होणं साधारण दहा टक्क्यांनी कमी होतं. दहा टक्के म्हणजे काहीच नाही असं नाही, पण सगळा दोष सूर्यावर ढकलण्याइतकेही नाहीत. वारा थांबला की होणारं नुकसान याच्या कितीतरी पट मोठं. आणि पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा चाक फिरवायला लागतो, बाकी सगळी उष्णता होऊन सायलेन्सरमधून नाहीतर इंजिनाच्या अंगातून बाहेर पडते. तेव्हा वारा आणता येत नसेल तर इंजिनाला काम कमी करायला लावणं हाच मार्ग उरतो. माझी गाडी विनाकारण कुठे मेहनत करते आहे, हे शोधायचं ठरवलं.

ते शोधलं मात्र गड्डीगोदामकडच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककाकांनी, आणि इंजिनाला हातही न लावता.

"गरम होऊन राहिली म्हणता, पण ढकलून पाह्यली का कधी?"

मी म्हटलं, "ढकलायची वेळ नाही आली अजून, काका."

"मंग आता ढकला ना भाऊ."

गॅरेजसमोर सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये ढकलली. जड लागली. मला वाटत होतं ही गाडीच वजनदार, जडच लागणार. काकांनी ती मेन स्टँडवर घेतली, मागचं चाक हातानं जोरात फिरवलं. अर्धा फेरा फिरून चाक थांबलं. मागच्या ड्रम ब्रेकचा कॅम, म्हणजे ब्रेक-शू फाकवणारा तुकडा, कोरडा पडून अडकत होता, त्यामुळे पायडल सोडलं तरी ब्रेक-शू पूर्ण मागे जात नव्हते. वर सर्व्हिसिंगमध्ये कुणीतरी ब्रेक-रॉडचा नट नको तेवढा आवळून ठेवलेला. चेनही ताठ होती, बोटानं दाबली तर हलायलाच तयार नाही. पुढच्या डिस्कच्या कॅलिपरच्या पिना सुकलेल्या.

वेगात असताना हे कळत नाही. पन्नास-साठला हवेला कापण्यातच इतकी ताकद जाते की घासणाऱ्या ब्रेकची भर त्यात हरवते. पण ट्रॅफिकमध्ये दहाच्या स्पीडनं सरकताना गाडीला ताकद लागतेच किती? तिथे घासणारा ब्रेक हा मोठा हिस्सा होऊन बसतो. त्यात प्रत्येक वेळी थांबलेल्या जागेवरून उठवायला जास्त वेळ हाफ क्लच धरावा लागतो, क्लच प्लेटा तापतात, त्या ऑइलमध्येच बुडालेल्या असल्यामुळे ऑइलही तापतं. तापलेला क्लच पूर्ण सुटत नाही, म्हणून न्यूट्रल सापडत नाही. पहिल्या लक्षणाचा उलगडा झाला आणि मला खरं सांगायचं तर मजा यायला लागली.

काकांनी ड्रम खोलला, कॅम साफ करून बेताचं ग्रीस लावलं, शूंना सँडपेपर मारला, चेन पुस्तकात दिलेल्या मापावर सैल केली. कॅलिपरच्या पिनांनाही ग्रीस. क्लच केबलचा प्ले तपासला. मजुरी सांगितली तर लाज वाटावी इतकी कमी. घरी आल्यावर मी तपासणीची एक सोपी सवय लावून घेतली: थोडं चालवून आल्यावर ब्रेक न मारता गाडी आपोआप थांबू द्यायची आणि मागच्या ड्रमजवळ तळहात न्यायचा. झळ लागली तर ब्रेक घासतोय.

रेस उशिरा खाली येणं मात्र तसंच राहिलं. पुढच्या रविवारी स्पार्क प्लग काढला. त्याच्या इन्सुलेटरचं, म्हणजे चिनीमातीचं, टोक पांढरंफटक. पेट्रोल-हवेचं प्रमाण बरोबर असेल तर ते फिकट तपकिरी, बिस्किटी रंगाचं दिसायला हवं. काळं आणि काजळी धरलेलं असेल तर पेट्रोल जास्त, पांढरं म्हणजे हवा जास्त किंवा प्लग फाजील तापतोय. हवा जास्त असलेलं मिश्रण गरम जळतं, नॉकिंगलाही तेच निमंत्रण देतं. ही जास्तीची हवा येत कुठून होती? काकांनी गाडी चालू ठेवून कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधल्या रबरावर कार्ब क्लीनरचा छोटा फवारा मारला. इंजिन थंड असताना मारला, हे मुद्दाम लिहितो, कारण ते द्रव भसकन पेट घेतं. फवारा बसताच रेस बदलली. रबराला खालच्या अंगानं बारीक चीर होती, वरून दिसायचीच नाही. गाडी तापली की चीर उघडायची, हवा आत ओढली जायची आणि रेस लटकायची. रबर बदललं, कार्बोरेटरमधला स्लो जेट साफ केला, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हजवळची फट, सकाळी इंजिन गार असताना फीलर गेजनं पाहिले. एक्झॉस्टचा जरा टाइट निघाला. तो टाइट असणं वाईट, कारण व्हॉल्व्हची उष्णता मुख्यतः सीटवर बसल्यावरच हेडमध्ये जाते. तो नीट बसला नाही तर तापत राहतो आणि शेवटी जळतो.

आता ऑइल. यावर भांडणं होतात, म्हणून थोडक्यात. पुस्तकात जो ग्रेड दिलाय तोच टाकला. उन्हाळा आहे म्हणून वाटेल तेवढं जाड ऑइल टाकलं तर ते पंपाला ढकलायलाच जास्त ताकद लागते. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए-२' हे मोटरसायकलच्या ऑइलाचं मानक असल्याची खात्री केली, कारण कारच्या कित्येक ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात आणि ती ऑइलात बुडलेल्या क्लचला चालत नाहीत, क्लच घसरतो. लेव्हल गाडी सरळ उभी करून पाहायची, साइड स्टँडवर नाही. एअर-कूल्ड इंजिनात उष्णता वाहून नेण्याचं बरंच काम ऑइल करतं, तेव्हा पाव लिटर कमी असणं हे दिसतं त्यापेक्षा महाग पडतं. बदलण्याचं अंतर मी उन्हाळ्यात थोडं अलीकडे घेतो. बस.

फिन्स साफ करायला मात्र एक अख्खी सकाळ गेली. रॉकेल, जुना टूथब्रश आणि संयम. खालच्या फिन्समध्ये मागच्या पावसाळ्यातला चिखल ऑइलच्या ओलाव्याशी मिळून सिमेंटसारखा बसला होता. आणि लेग गार्डवर दोन्ही बाजूंनी ज्या पिशव्या मी हौसेनं बांधल्या होत्या, त्या नेमक्या हेडच्या समोर येत होत्या. त्या मागे हलवल्या.

हे सगळं करून फरक पडला का, हे पोटरीवर विसंबून ठरवायचं नव्हतं. घरात कोरोनाच्या काळातली कपाळावर धरायची थर्मामीटर-बंदूक होती, पण ती माणसाच्या तापापुढे जातच नाही, इंजिनासमोर धरली की नुसतं 'हाय' दाखवते. बुटीबोरी एमआयडीसीत काम करणाऱ्या मित्राकडून कारखान्यातली इन्फ्रारेड गन आणली. तिचीही एक खोड आहे: चकचकीत ॲल्युमिनियमवर ती खूपच कमी तापमान दाखवते. म्हणून हेडच्या बाजूला उष्णता सोसणाऱ्या मॅट काळ्या रंगाचा एक ठिपका दिला आणि दर वेळी तिथेच मोजलं. मोजमापाच्या बाबतीत आम्ही नागपूरकर तसे पोळलेलेच आहोत. ३० मे २०२४ ला इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले, देशभर बातम्या झाल्या, आणि मग हवामान खात्यानं सेन्सरचा दोष असल्याचं सांगितलं.

दुरुस्तीआधीचे आकडे माझ्याकडे नव्हते, पण एक प्रयोग करता आला. पिशव्या पुन्हा पुढे बांधून तोच रस्ता त्याच वेळेला केला. घरी पोचल्यावर ठिपका नेहमीपेक्षा ठळकपणे गरम. दोन रेक्झिनच्या पिशव्या! ब्रेकवर हा प्रयोग करण्याची मला इच्छा झाली नाही.

चालवण्याच्या सवयीही बदलल्या. पुढची रांग हातभर सरकली की आपणही हातभर सरकायचं, हे सोडलं. थोडी जागा होऊ देतो, मग पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून जातो. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत. सिग्नलच्या काउंटरवर साठ-सत्तर सेकंद दिसले की इंजिन बंद. कमी वेगात चौथ्या गिअरमध्ये रेटत रेटत नेण्यापेक्षा एक गिअर खाली असलेला बरा, नॉकिंग त्यानं सर्वात लवकर थांबतं. आणि जॅममधून सुटल्यावर समोर रस्ता मोकळा असेल तर लगेच थांबत नाही, दोन-तीन किलोमीटर आरामात चालवतो. तापलेलं इंजिन बंद केलं की वारा थांबतो आणि आतली उष्णता कार्बोरेटरपर्यंत चढते. मग त्यातलं पेट्रोल उकळून वाफ होतं आणि गाडी किक खात नाही. अशा वेळी चोक ओढू नये. ॲक्सिलेटर पूर्ण उघडून किक मारली की बहुतेक वेळा उठते.

पाणी मात्र कधीही ओतायचं नाही, ओलं फडकंही नको. हेड ॲल्युमिनियमचं, सिलिंडरच्या आतली स्लीव्ह लोखंडाची, दोन्ही एकाच वेगानं आकसत नाहीत.

मेहुण्याची गाडी रेडिएटरची आहे, त्याला वाटायचं हे सगळे त्रास माझेच. मग त्यानं कूलंट कमी झालं म्हणून बोअरचं पाणी टाकलं. आमच्या भागातल्या बोअरच्या पाण्यानं बादलीला पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसणार, हे त्याला काकांनी त्यांच्या पद्धतीनं समजावलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. आता तो तयार कूलंटच टाकतो. झाकण गरम असताना उघडायचं नाही, हे त्याला माहीत होतं. आतलं पाणी दाबाखाली असतं म्हणून शंभरला उकळत नाही, झाकण फिरवताच उसळून अंगावर येतं.

मी ऑइल कूलर बसवून घ्यावा का, असं काकांना विचारलं होतं. काही गाड्यांना तो कंपनीतूनच येतो. "वाराच नाही तर कूलर काय करन भाऊ? तोही उभाच राहीन ना तुमच्यासंगं," म्हणाले. क्लच प्लेटा मात्र पावसाळ्याआधी बदलायला सांगितल्यात. मागच्या उन्हाळ्यानं त्या बऱ्यापैकी खाल्ल्या आहेत. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते तापलेले नऊ दिवस, सुरू व्हायच्या आत गाडी त्यांच्याकडे टाकणार आहे, तेवढे दिवस मेट्रोनं जाईन.