गोंडे, हूड आणि निळी सिव्हिक

मागच्या वर्षी आबा, माझे वडील, तीन महिने आमच्याकडं कॅलिफोर्नियात टॉरन्सला राहून गेले. आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन गॅरेजात गेले आणि माझ्या गाडीभोवती एक फेरी मारली. ड्रायव्हरच्या सीटची डावी कड फाटली होती तिथं बोट घातलं, आतला फोम चिमटीत दाबून बघितला आणि म्हणाले, "एवढा पगार घेतोस, आन् सीट फाटकं?"

आबांनी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत पस्तीस वर्षं रिक्षांची हुडं शिवली. रेक्झिन, पायपिंग, गोंडे, पाठीमागं दोन रंगांत कापून शिवलेला मोर. रिक्षांच्या सौंदर्यस्पर्धा भरणाऱ्या गावचा मी, त्यामुळं गाडी सजवायची हौस काही मी अमेरिकेत येऊन शिकलेलो नाही. मेट्रिक पाने तेवढे इथं येऊन घेतले.

गाडी २००० सालची होंडा सिव्हिक एसआय, निळी. इथले गाडीवेडे तिला ईएम१ म्हणतात. १९९९ आणि २००० अशी दोनच वर्षं विकली गेली. इंजिन १६०० सीसी, टर्बो वगैरे काही नाही, तरी १६० हॉर्सपॉवर. ही करामत व्हीटेकची, म्हणजे व्हॉल्व्ह (इंजिनाच्या झडपा) कमी-जास्त उघडणाऱ्या होंडाच्या यंत्रणेची. व्हॉल्व्हच्या प्रत्येक जोडीसाठी कॅमशाफ्टवर, म्हणजे त्यांना उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावर, दोन बुटके आणि मधे एक उंच असे तीन उंचवटे असतात, प्रत्येकाखाली एकेक आर्म. सावकाश चालवताना मधला आर्म नुसताच हलत राहतो, व्हॉल्व्हशी त्याचं देणंघेणं नसतं. साडेपाच हजार आरपीएम ओलांडले की ऑइलचं प्रेशर आतली पिन सरकवतं, तिन्ही आर्म एकमेकांत अडकतात आणि व्हॉल्व्ह उंच उंचवट्यावर नाचायला लागतात. तालमीसमोर हलगीवाल्यानं अचानक ठेका बदलावा तसं कानाला लागतं. या एका आवाजासाठी मी २०१४ साली ती घेतली. बाकी गाडी बघवत नव्हती.

आधीच्या मालकानं तिच्यावर वीस वर्षांपूर्वीची सगळी फॅशन करून ठेवली होती. डिकीवर कपडे वाळत घालावेत असा ॲल्युमिनियमचा उंच पंख, पातेल्याएवढ्या तोंडाचा सायलेन्सर, बुडाखाली जांभळ्या निऑनच्या नळ्या, कापलेल्या स्प्रिंगा आणि मागं पारदर्शक काचेचे दिवे. त्या दिव्यांची गोष्ट गमतीची आहे. १९९८ साली जपानात टोयोटाची आल्टेझ्झा आली, अमेरिकेत ती लेक्सस आयएस ३०० म्हणून विकली. तिच्या मागच्या दिव्याला स्वच्छ काच आणि आत लाल गोल. तिला ते शोभतातही. पण लगेच प्रत्येक सिव्हिकला, प्रत्येक पिकअपला, कुणाच्या आईच्या मिनीव्हॅनलासुद्धा तसले दिवे लागले आणि दिव्यांनाच लोक 'आल्टेझ्झा' म्हणायला लागले. मी नावं ठेवतोय खरा, पण पुण्यात इंजिनिअरिंगला असताना मित्राच्या होंडा सिटीसाठी असलेच दिवे शोधत मी दोन रविवार वणवण केलीय.

पंखाचं मात्र मला तेव्हाही कळत नव्हतं. सिव्हिक पुढच्या चाकांवर ओढणारी गाडी, पंख दाब देतो मागच्या चाकांवर. ट्रॅकवर जोरात वळण घेताना मागची बाजू घसरू नये म्हणून तो लागतो, ते मान्य. किराणा आणायला जाताना काय उपयोग? तर पहिली दोन वर्षं मी गाडी घडवण्याऐवजी उसवतच बसलो. आबांना हा शब्द आवडला. "उसवायला जास्त अक्कल लागती," म्हणाले.

मग आला स्मॉग चेक. कॅलिफोर्नियात जुन्या गाडीची दर दोन वर्षांनी धुराची तपासणी होते. आकडे बरोबर आले तरी बॉनेट उघडून नजरेनंही तपासतात. इंजिनला हवा देणारा पाइप बदललेला असेल तर त्यावर राज्याच्या हवा मंडळाच्या मंजुरीचा नंबर असलेलं स्टिकर लागतं. माझ्या गाडीत आधीच्या मालकाचा चकचकीत पाइप होता, स्टिकर नव्हतं. नापास. मूळ एअर बॉक्स, म्हणजे हवेच्या फिल्टरचा डबा, शोधायला मी भंगार यार्डात गेलो. इथल्या यार्डात आपले पाने घेऊन जायचं, हवा तो भाग आपणच खोलायचा. ऑगस्टच्या उन्हात तीन तास सिव्हिकांच्या सांगाड्यांत घालवले तेव्हा एक न तडकलेला बॉक्स मिळाला. तो बसवला आणि गाडी पास. पुढं कळलं, निम्मी मंडळी मूळ भाग गॅरेजात खोक्यात घालून ठेवतात, दोन वर्षांनी तपासणीपुरते चढवतात आणि घरी आल्यावर उतरवतात.

हे सांगितल्यावर आबा इतके हसले की ठसका लागला. "पासिंग!" म्हणाले. आरटीओच्या पासिंगला जायच्या आदल्या रात्री त्यांच्या दुकानासमोर रिक्षांची रांग लागायची. जादा आरसे काढा, टेप काढा, हॉर्न बदला, गोंडे पिशवीत भरा. परवा सगळं परत लावायला यायचं, दोन्ही दिवसांची मजुरी वेगळी.

पण मला खरा नाद गाडीपेक्षा गाडी वाचायचा आहे. रस्त्यात विचित्र काही दिसलं की हे आधी कुणाच्या गरजेचं होतं, हे शोधत बसतो. इकडच्या पोरांच्या बंपरला मागून एक रंगीत कडी लोंबकळत असते. जपानी लोकलमध्ये उभ्यानं प्रवास करताना धरायची ती कडी, त्सुरिकावा. तिकडच्या टवाळ पोरांनी ती गाड्यांतून पळवायची आणि बढाई म्हणून मागं टांगायची. गाडी जितकी खाली तितकी कडी रस्त्याला घासणार. आता ती कुरियरनं घरपोच येते, चोरायचे कष्ट नाहीत.

किंवा आभाळाकडं तोंड केलेले लांबच लांब सायलेन्सर आणि जमिनीला टेकलेले पुढच्या बंपरचे ओठ. जपानात त्यांना ताकेयारी, म्हणजे बांबूचा भाला, आणि देप्पा, म्हणजे पुढं आलेले दात, म्हणतात. वेडेपणा वाटतो, पण मूळ रेस ट्रॅकवर आहे. फुजी स्पीडवेवर १९७१ पासून ग्रँड चॅम्पियन शर्यती व्हायच्या, त्या बघायला पोरं आपापल्या गाड्या नटवून जायची. १९७९ पासून तिथं सुपर सिल्हूट गाड्या धावायला लागल्या. नियमांत बॉडी रुंद करायला भरपूर मोकळीक होती, त्यामुळं त्या गाड्या खोक्यासारख्या फुगलेल्या, रुंद टायरवर पत्र्याचे ठोकळे. पोरांनी घरी येऊन तेच आपल्या निसान स्कायलाइनवर केलं, पण दुप्पट. मूळ गाडीत रुंद टायर झाकायला ठोकळा होता, पोरांच्या गाडीत ठोकळ्याखाली टायर शोधावं लागे. आज नागोयाचे गाड्या सजवणारे वातारू कातो लँबोर्गिनीचा फेंडर, म्हणजे चाकावरचा पत्रा, कापून वर उघड्या बोल्टांनी रुंद फेंडर ठोकतात आणि लोक लाखो डॉलर्सची गाडी कापायला देतात, त्याचं मूळ हेच. मला आवडतं का? फोटोत आवडतं.

माझ्या सिव्हिकच्या जवळचं घराणं ओसाकाचं. तिथं शहराच्या मधोमध साधारण दहा किलोमीटरचा एकेरी उन्नत रिंगरोड आहे, कांजो. रात्री त्यावर सिव्हिक पळवणारे ते कांजोझोकू. आतली सीटं काढलेली, खिडकीला जाळी, रेसगाडीसारखी रंगरंगोटी, मागचा बंपर खालून अर्धा कापलेला. कापायचं कारण साधं: गाडीखालून येणारी हवा मागच्या बंपरमध्ये भरते आणि तो पॅराशूटसारखा मागं खेचतो. हे बेकायदाच होतं आणि धोक्याचंही, त्याचं कौतुक नको. पण त्या गाड्यांवर एक वस्तू विनाकारण नसायची. आता लॉस एंजेलिसमध्ये ताशी पंचवीस मैलांच्या गल्लीत कापलेले बंपर दिसतात. असो.

हे सगळं कॅलिफोर्नियातच का रुजलं, त्याचं उत्तर माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. गार्डीना, टॉरन्स, खाली लाँग बीच: जपानी, फिलिपिनो, व्हिएतनामी, कंबोडियन वस्ती. नव्वदच्या आसपास पोरांच्या हाती आईबापांची जुनी सिव्हिक किंवा होंडाचीच इंटेग्रा यायची. हलकी, स्वस्त, सस्पेन्शन चांगलं. आठ सिलिंडरच्या अमेरिकन मस्टँगवाले हसायचे. मग १९९० मध्ये पामडेलच्या वाळवंटात खास इम्पोर्ट, म्हणजे परदेशी, गाड्यांच्या ड्रॅग (सरळ रेषेतल्या) शर्यती सुरू झाल्या आणि हसणं कमी झालं.

आता चित्र उलटं झालंय. जपानातूनच उजव्या स्टिअरिंगची गाडी मागवायची लाट आहे. अमेरिकेत पंचवीस वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला संघराज्याच्या सुरक्षा नियमांतून सूट मिळते. म्हणून आर३४ स्कायलाइन जीटीआर, जी १९९९ च्या जानेवारीत आली, तिची लोक २०२४ च्या जानेवारीपर्यंत वाढदिवस मोजत वाट बघत होते. कॅलिफोर्नियात तरीही धुराची परीक्षा वेगळी आणि महागडी. माझ्या ऑफिसातल्या एकानं आपली गाडी अजून दुसऱ्या राज्यात भावाच्या दारात ठेवलीय.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती चाकांवरून. मूळ चाकापेक्षा रुंद चाक, कमी ऑफसेट, म्हणजे चाक बाहेरच्या अंगाला सरकतं. ते फेंडरच्या कडेशी बरोबर समपातळीत आलं की पोरं डोळे मिटून घेतात. पण फेंडरच्या आत पत्र्याची दुमडलेली पट्टी असते, गाडी खड्ड्यात बसली की तीच टायर कापते. म्हणून ती आत वळवावी लागते. मी हे एकदाच केलं. चाक काढून हबला रोलर बसवायचा, हीट गननं रंग तापवायचा, हात लावला तर चटका बसेल इतका, आणि रोलर थोडा थोडा दाबत पुढं-मागं फिरवायचा. घाई केली किंवा पत्रा थंड पडला की रंग तडकतो. माझा डाव्या बाजूला तडकला, सुपारीएवढा. तिथून गंज धरला. त्यानंतर मी पंधरा इंची साधी चाकं लावली आणि गप्प बसलो. आणि ज्यांची चाकं कॅम्बर देऊन चुलीच्या दगडांसारखी आत कललेली असतात, त्यांचे टायर आतल्या बाजूनं दोन महिन्यांत कापडापर्यंत झिजलेले असतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

एका शनिवारी सकाळी आबांना घेऊन डोनटच्या दुकानासमोर गेलो. तिथं वीस-पंचवीस गाड्या जमतात. आबांनी इंजिनांकडं ढुंकूनही पाहिलं नाही. थेट एका काळ्या लेक्सस एलएस ४०० जवळ जाऊन थांबले. गाडी व्हीआयपी पद्धतीची, म्हणजे जपानात सेल्सिओर, सिमा असल्या साहेबी सेडान घेऊन एअर सस्पेन्शननं जमिनीला टेकवायच्या, खोल चाकं लावायची, आत दिवाणखाना करायचा. ओसाकाकडच्या पोरांनी पोलिसांचा डोळा चुकवायला मोठ्या माणसांच्या गाड्या घेतल्या, अशी गोष्ट सांगतात. आरशाला दोरीची जाड गाठ आणि खाली झुपका लोंबत होता. त्याला फुसा म्हणतात.

"गोंडा," आबा म्हणाले.

मालक लाँग बीचचा पंचविशीतला पोरगा. त्यानं दार उघडून दिलं. दारांच्या आत, सीटवर, छताला चौकटी चौकटीची शिवण. आबांनी चष्मा वर केला, नख टाक्यांवरून ओढत नेलं, कोपऱ्यात थांबले. "हितं मशीन न्हाई चाललं. हितं हातानं ओढलंय. इचार त्याला."

मी विचारलं. पोरगा गप्प झाला. मग म्हणाला, कोपरे त्याच्या आजीनं केलेत, ती शिवणकामाच्या कारखान्यात होती. आबांनी मान हलवली आणि खिशातून तंबाखूची पुडी काढली. मी ती परत खिशात घालायला लावली.

जाण्याआधीच्या आठवड्यात त्यांनी माझं सीट उतरवायला लावलं. बरोबर दाभण आणलं होतं, ते विमानात चेक-इन बॅगेतून कसं आलं हे मी विचारलं नाही. एसआयच्या सीटचं मूळ कापड आता मिळत नाही, म्हणून डाव्या कडेला काळं रेक्झिन घातलं आणि कडेनं लाल पायपिंग, अगदी हुडाला असतं तसं. मला धस्स झालं. मूळ अवस्था, मूळ भाग असं मी लोकांना ऐकवत असतो. पण बापानं शिवलेलं उसवणार कोण?

पुढच्या शनिवारी एका पोरानं खिडकीतून आत डोकावलं आणि फोन बाहेर काढला. हे जपानी मार्केटचं आहे का, कुठल्या कंपनीचं, बरंच शोधलं पण असलं कधी दिसलं नाही म्हणाला. मी म्हटलं, लक्ष्मीपुरी. त्यानं स्पेलिंग विचारलं.