जिंकूनसुद्धा नारळ

फुटबॉल कोचिंगमध्ये मला २६ वर्षं झाली आणि या काळात अकरा ठिकाणांहून बाहेर पडलोय. त्यातल्या तीन ठिकाणी टीमच बंद झाली, म्हणजे मला काढलं असं काही म्हणता येणार नाही, पण पगार थांबला की तो फरक घरी समजावता येत नाही. मुंबईत आमच्या वेळी ऑफिस टीम्स होत्या, बँका, मिल, रेल्वे, दिवसा नोकरी आणि संध्याकाळी प्रॅक्टिस, मग एकेक आटोपत गेल्या. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची नॅशनल लीग जिंकली आणि २०१० ला टीम गुंडाळली, तेव्हाच खरंतर कळायला हवं होतं की ट्रॉफी आणि नोकरी यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. पण कळलं नाही. शाळा, अकॅडमी, पुण्यात दीड सीझन, असं बॅग घेऊन फिरत राहिलो आणि असाच फिरत कोल्हापुरात पोचलो.

कोल्हापूरचा फुटबॉल ज्यांनी बघितला नाही त्यांना सांगून पटणार नाही. तिथे टीम क्लबची नसते, तालमीची असते, म्हणजे पेठेची, म्हणजे घरचीच. पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा ही नावं तिथलं शेंबडं पोरगंसुद्धा मॅन्चेस्टरच्या आधी सांगेल. शाहू स्टेडियमवर मोठी मॅच असली की हजारोंनी लोक, कुठल्या पेठेची माणसं कुठल्या बाजूला बसणार हे ठरलेलं, आणि हलगी अशी वाजते की बाजूला उभ्या असलेल्या बॅकला मी दिलेली इन्स्ट्रक्शन ऐकू जात नाही, हाताने खुणा कराव्या लागतात. मी ज्या तालमीकडे होतो तिचं नाव लिहीत नाही, तिथली पोरं अजून फोन करतात मला.

पहिल्याच दिवशी मी पोरांना रॅनिएरीची गोष्ट सांगितली होती. क्लॉडिओ रॅनिएरी, आमच्या फिरत्या कोच लोकांचा कुलदैवत म्हणा. नापोली, व्हॅलेन्सिया, चेल्सी, युव्हेंटस, रोमा, इंटर, सगळीकडे गेला आणि लीग कुठेच नाही. २०१४ ला ग्रीसचा कोच असताना घरच्या मैदानावर फॅरो आयलंड्सकडून हरला, चार मॅचमध्ये घरी. लोक म्हणाले म्हातारा संपला, आणि पुढच्या वर्षी हाच माणूस इंग्लंडमधल्या लेस्टरला गेला आणि २०१६ ला प्रीमियर लीग घेऊन बसला, ज्याच्यावर बुकींनी पाच हजारास एक भाव दिला होता. तिथे त्याने प्लेयर्सना सांगितलेलं, गोल न खाता मॅच काढा, पिझ्झा देतो. मी म्हटलं आपल्याकडे पिझ्झा नाही, मिसळ. क्लीन शीट ठेवली की अख्ख्या टीमला मिसळ माझ्याकडून. तेव्हापासून गोलकीपर मला रॅनिएरी सर म्हणायला लागला. (लीग जिंकल्यावर लेस्टरने त्यालाही नऊ महिन्यांत काढला, तो भाग मी पोरांना सांगितला नव्हता.)

तर सेमीफायनलचा दिवस. एप्रिल, चारची मॅच, ऊन अजून तसंच. समोरच्या टीमकडे दोन आफ्रिकन फॉरवर्ड, दोघंही ताडासारखे, त्यांचा सगळा खेळ म्हणजे लांबून बॉल उचलायचा आणि त्यांच्या डोक्यावर टाकायचा. मी ठरवलं होतं चार आणि पाचच्या दोन ओळी, बॉक्सच्या पुढे जवळजवळ, आणि वर एकच पोरगं ठेवायचं जे पळेल. माझ्या टॅक्टिक्स बोर्डाचे चुंबक पुण्यातच कुठेतरी हरवलेले, त्यामुळे बोर्ड ड्रेसिंग रूमच्या फरशीवर आडवा ठेवून त्याच्यावर चिंचोके मांडून शिकवायचो. पोरांना पोझिशन्स चिंचोक्यांनीच पाठ झाल्या होत्या. तेवढ्यात तालमीतले एक अण्णा आत आले आणि खिशातून कागद काढला. त्यावर अकरा नावं. त्यांचा पुतण्या सातवा.

पुतण्याचा पाय चांगला होता हे मान्य, दोन माणसं सहज काढायचा, पण बॉल गेला की कमरेवर हात ठेवून उभा, आणि त्या दिवशी तर रात्रभर मित्राच्या वरातीत नाचून आलेला, डोळे लाल. मी म्हटलं अण्णा, हा आज बसेल. अण्णा काही बोलले नाहीत, चिंचोक्यांकडे बघितलं, एक उचलला, परत ठेवला आणि गेले. मला वाटलं विषय संपला. २६ वर्षांच्या अनुभवाचा हा असा उपयोग.

वर मिरजेचा पोरगा ठेवला. हा रोज एसटीने यायचा, परत जायला उशीर झाला की स्टँडवर वडापाव. पहिला हाफ नुसता मार, आम्ही अक्षरशः बॉक्समधून बाहेर आलो नाही, आमच्याच गॅलरीतून मला शिव्या. एकाहत्तराव्या मिनिटाला त्यांचा कॉर्नर, त्यांचे सगळे वर आलेले, आमच्या कीपरने बॉल हवेतच धरला आणि जमिनीवर न पडता, उभ्यानेच हाताने उजवीकडे फेकला. हा थ्रो आम्ही रोज चाळीस वेळा करायचो, पोरं वैतागायची. मिरजकर अर्ध्या लाइनवर, पुढे एकटा बॅक, त्याच्या बाजूने बॉल ढकलला आणि पळाला, कीपर बाहेर आल्यावर पायांमधून आत. १-०. शेवटची वीस मिनिटं मी घड्याळाकडे बघितलंच नाही, कीपरच्या मोज्यांकडे बघत होतो, एक खाली घसरलेला, एक वर.

जिंकलो. गुलाल, हलगी, पोरं मला खांद्यावर घेऊन तालमीपर्यंत. तिथे फेटा बांधला, शाल घातली, हातात श्रीफळ दिलं, फोटो. मग अण्णा मला बाजूला घेऊन म्हणाले, सर, तुमी लई केलं आमच्यासाठी, पण फायनलला डगआउटमदी आपल्या पेठेचा माणूस पायजे, लोकांचं तसं म्हणणं हाय. आमचं पोरगं बाकड्यावर आन् भायेरचा गोल मारतोय, हे बराबर दिसत न्हाई. मी म्हटलं जिंकलो की आपण. ते म्हणाले, व्हय की, म्हणून तर सत्कार केला.

खरं सांगतो, राग आला नाही, हसूच आलं, कारण नारळ देणं हा शब्दप्रयोग आयुष्यभर वापरला पण हातात खरोखरचा नारळ घेऊन पहिल्यांदाच उभा होतो. राहिलेला पगार त्यांनी तिथेच रोख मोजून दिला, एक रुपया कमी नाही, हेही सांगायला हवं, कारण मुंबईत एका ठिकाणचे चार महिन्यांचे अजून यायचेत. तिकीट त्यांनीच काढून ठेवलेलं, त्याच रात्रीच्या महालक्ष्मीचं. म्हणजे मॅच सुरू व्हायच्या आधीच कुणीतरी जाऊन काढलेलं असणार. हरलो असतो तरी तेच तिकीट.

गाडी सुटल्यावर कीपरचा फोन. मला वाटलं रडेल वगैरे, पोरगं एकोणीस वर्षांचं. म्हणाला, "सर, क्लीन शीट झाली, मिसळ राहिली." अठरा जणांच्या मिसळीचे पैसे तिथल्या तिथे त्याला जीपे केले. मग म्हणाला, सर, पुतण्याला पण धरू का? म्हटलं धर.

चार दिवसांनी फायनल हरले, ३-०. पुतण्या पूर्ण मॅच खेळला आणि बरा खेळला म्हणे. बोर्ड मी तिथेच विसरलो होतो, तो अजून तालमीतच आहे.

सकाळी घरी पोचलो तेव्हा बायकोने बॅगेआधी नारळ हातात घेतला, कानाजवळ धरून हलवला, पाणी आहे म्हणाली. बाकी काही विचारलं नाही. दुपारी सोलकढी होती.