एका बाजूला 18 किलोमीटर

सुट्टीवर नाशिकरोडला घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी धाकट्या भावाने विषय काढला, "ताई, मलाही तुझ्यासारखं सायकलने कंपनीत जायचंय." त्याची कंपनी सिन्नरच्या अलीकडे, माळेगाव एमआयडीसीत. मी नेदरलँड्समध्ये नायमेखनहून आर्नेमला कामाला जाते, तेही जवळजवळ एवढंच अंतर, एका बाजूला 18 किलोमीटर. सोमवारपासून रोज जाऊन-येऊन, असा त्याचा बेत होता. मी नको म्हणाले, कारण माझी सुरुवात अशीच झाली होती.

सलग तीन दिवस मी रोज 36 किलोमीटर मारले आणि चौथ्या दिवशी गुडघ्याने जिना उतरू दिला नाही. सीट फार खाली होती, आणि जड गिअरवर जोर लावून पेडल मारत होते. पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच टेकवली की पाय सरळ व्हायला हवा, सीटची उंची तेवढी. गिअर हलका ठेवायचा आणि पाय भराभर फिरवायचे.

ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने मग तोडगा सांगितला. तिथे गर्दीच्या वेळी साधी सायकल ट्रेनमध्ये नेता येत नाही, फक्त घडीची चालते. म्हणून सोमवारी सायकलने जायचं, सायकल ऑफिसात ठेवून ट्रेनने परतायचं. मंगळवारी ट्रेनने जायचं आणि सायकलने घरी यायचं. बुधवारी विश्रांती. दीड महिना मी हेच केलं. मगच आठवड्यातून एक दिवस दोन्ही बाजू, आणि पुढे एक दिवस सोडून एक. जास्तीचे कपडे ट्रेनच्या दिवशी ऑफिसात नेऊन ठेवायचे, म्हणजे सायकलच्या दिवशी पाठीवर ओझं नको.

रस्ता मात्र तिथे सुखाचा आहे. आर्नेम ते नायमेखन हा राइनवालपाट नावाचा जलद सायकलमार्ग 2015 मध्ये सुरू झाला. वाल नदी ओलांडायला रेल्वेपुलालाच चिकटून सायकलींचा पूल आहे, स्नेलबिंडर. कॅरियरवर सामान आवळायच्या रबरी पट्ट्यांना डच लोक हेच म्हणतात! चढ जवळपास नाही, पण वारा बहुतेक वेळा नैऋत्येकडून येतो आणि संध्याकाळी मला दक्षिणेकडे यायचं असतं. समोरून वारा असला की घरी पोहोचायला पाऊण तासाचा सव्वा तास होतो. अशा दिवशी निघण्यापूर्वी मी केळं खातेच.

भावाला वाऱ्याऐवजी मोहदरी घाट आहे, आणि सायकलला वेगळी वाट नसलेला पुणे हायवे. ट्रकची मला खरोखर काळजी वाटते. म्हणून ठरवलं, पहिली पाळी असेल तेव्हाच सायकल, म्हणजे परतताना उजेड असतो. मागचा लाल दिवा दिवसाही चालू. एका बाजूला कंपनीची बस. अमेरिकेतली रेस अक्रॉस अमेरिका 2015 मध्ये पूर्ण करणारे आपल्या नाशिकचे महाजन बंधूसुद्धा आळीपाळीनेच सायकल चालवत होते, हे ऐकल्यावर तो बस घ्यायला राजी झाला.

काल रविवारी पहाटे सहाला आम्ही दोघं शिंदे गावापर्यंत जाऊन आलो. चहा घेतला, त्याची सीट दोन बोटं वर केली. पुढच्या रविवारी मोहदरीच्या पायथ्यापर्यंत तो एकटा जाणार. मी तोवर नायमेखनला परतलेली असेन; पोहोचल्यावर फोन कर म्हणून बजावलंय.