तुम्ही विचारलंत म्हणून: ही गाडी ओरिजिनल आहे का?

यवतमाळ असो की दारव्हा, ही लाल दोन-सीटर जिथे उभी करतो तिथे पाच-दहा माणसं जमतात आणि त्यातला एक तरी विचारतोच, "भाऊ, ओरिजिनल व्हय का?" शहरातून फोन करणारे शौकीन एका जुन्या इंग्लिश स्पोर्ट्स कारचं नाव घेऊन तेच विचारतात: "स्पिटफायर आहे म्हणे, खरं का?" रस्त्यात उभ्या उभ्या याचं उत्तर देणं मला कधी जमलं नाही, म्हणून आज बसून लिहितो.

गाडी मला 2013 साली दारव्हा तालुक्यातल्याच एका वाड्यात मिळाली. गोठ्याच्या कोपऱ्यात होती, वर कापसाची गाठोडी रचलेली. मालकाच्या नातवाला ट्रॅक्टरसाठी जागा मोकळी करायची होती. माझं ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान आहे, म्हणून भंगारात किती येतील ते विचारायला तो आला. मी पाहायला गेलो. लांब नाक, बुटकी काच, मागे गोल उतरती शेपटी. मुडगार्डवरून हात फिरवला आणि त्याला म्हटलं, ही भंगारात जाणार नाही.

सोबत कापडी बांधणीचं आरसी बुक मिळालं. पहिली नोंदणी नागपूरची, 1965 ची. गाडी स्टँडर्ड हेराल्ड, बॉडी सलून (म्हणजे छताची बंद गाडी), आसनं चार. माझ्यासमोर मात्र छत नसलेली, दोन माणसांची गाडी. इंजिनच्या ब्लॉकवर ठोकलेला नंबर रॉकेलनं धुऊन वाचला तर तो पुस्तकातल्या नंबराशी जुळला. म्हणजे पुस्तक याच गाडीचं, बॉडी तेवढी दुसरी.

हेराल्डबद्दल थोडं सांगावं लागेल. इंग्लंडच्या स्टँडर्ड-ट्रायम्फनं ही गाडी 1959 मध्ये आणली, रेखाटन इटलीच्या मिकेलोत्ती यांचं. 1961 पासून मद्रासची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ती आपल्याकडे बनवू लागली. त्या काळातल्या बहुतेक छोट्या गाड्यांची बॉडी आणि सांगाडा एकच असायचा. हेराल्डची चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, मात्र वेगळी, बॉडी तिच्यावर बोल्टांनी बसवलेली. बोल्ट काढले की बॉडी उचलता येते, आणि खाली उरलेल्या चेसिसवर ज्याला जे सुचेल ते बांधता येतं. खुद्द इंग्लंडच्या कंपनीनंही तेच केलं. हीच चेसिस आखूड करून 1962 मध्ये स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार काढली. म्हणून शौकिनांचा अंदाज अगदीच चुकीचा नसतो.

पण मोजल्याशिवाय बोलू नये. गोठ्याची जमीन सारवलेली होती. चारही चाकांच्या मध्यावरून ओळंबा सोडला, खाली खडूनं फुल्या केल्या, गाडी ढकलून बाजूला घेतली आणि पुढच्या चाकाच्या फुलीपासून मागच्या चाकाच्या फुलीपर्यंत टेप लावला. दोन्ही बाजूंनी साडेएक्याण्णव इंच. स्पिटफायरमध्ये हे अंतर 83 इंच असतं, हेराल्डमध्ये साडेएक्याण्णव. पुढे इंजिनचं हेड उघडल्यावर सिलिंडरला व्हर्नियर लावला: साडेत्रेसष्ट मिलिमीटर. कंपनीचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 63 चा. म्हणजे सिलिंडर एकदा कोरून अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन टाकलेला. पहिल्या स्पिटफायरचा बोअर 69.3 असतो. तेव्हा शहरातल्या मित्रांना उत्तर: नाही, स्पिटफायर नाही. 948 सीसीची, मद्रासची हेराल्ड आहे.

मग हे लांब नाक आलं कुठून? बांधणाऱ्यानं चेसिसला हात लावला नाही, इंजिनही जागचं हलवलं नाही. बसायची जागा मागे ओढली, त्यामुळे नाक लांब दिसतं. जमिनीपासूनची उंचीही त्यानं कमी केली नाही, आणि यात मला त्याचं शहाणपण दिसतं. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत बुटकी गाडी दुसऱ्या वळणाला पोटावर बसते. दरवाज्याच्या आतला पत्रा ऑइलच्या ड्रमचा आहे. ड्रमला असतो तसा उभार कडा ठोकून सपाट केलाय, पण उन्हात तिरकं पाहिलं की ती रेघ दिसते. पत्र्याच्या आतला सांगाडा सागवानाचा. स्टिअरिंगचा दांडा मात्र मध्ये पाइप घालून दोन ठिकाणी वेल्डिंग करून लांबवला होता. तो मी ठेवला नाही. लेथवर एकसंध दांडा करवून घेतला. जुना दुकानात भिंतीला टांगलाय. जुनं जपायचं म्हणून कोणाचा जीव धोक्यात घालायचा नसतो.

बॉडी कधी बदलली, हे रंगानं सांगितलं. पाण्याच्या पॉलिश पेपरनं तळहाताएवढी खिडकी घासायची, प्रत्येक थर दिसेपर्यंत. फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि बसायच्या जागेमधला पत्रा, मूळ हेराल्डचीच आहे. तिथे तळाशी क्रीम, त्यावर आकाशी, त्यावर लाल. दरवाज्यावर तळाशी गेरू रंगाचा रेड ऑक्साइड आणि थेट लाल. म्हणजे क्रीम आणि आकाशी असताना ती चार माणसांची सलूनच होती. नवी बॉडी लाल रंगासोबत आली. आरसी बुकात 1971 साली गाडी दारव्ह्याच्या मालकाच्या नावावर झाल्याची नोंद आहे, आणि त्यांच्या घरच्यांना ती लालच आठवते.

शकुंतला रेल्वेच्या मोतीबाग स्टेशनामागे एक जुने मिस्त्री राहतात. मी फोटो दाखवला. काकाजींनी चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बॉडी तं सुताराची व्हय. शंकरपटाच्या रेंग्या बनवे तो." रेंगी म्हणजे शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, पळवायची हलकी गाडी. त्यानंतर मी माझी गाडी पुन्हा पाहिली. सागवानाचे सांधे खिळ्यांनी नाही, खाचा पाडून बसवलेले आहेत. रेंगीला वजन नको असतं आणि सांधा सुटून चालत नाही. ज्या हातांना ते येत होतं त्यांनीच ही गाडी बांधली.

आता "ओरिजिनल"चं सरकारी उत्तर. 2021 मध्ये केंद्रानं जुन्या गाड्यांसाठी नियम केला: पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी म्हणजे व्हिंटेज. तिला व्हीए मालिकेचा वेगळा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये. माझ्या गाडीचं वय बसतं, बॉडी बसत नाही. अनेकांनी सल्ला दिला, हेराल्डची जुनी बॉडी शोध, परत बसव, व्हिंटेज करून घे. नियम बनवणाऱ्यांवर माझा राग नाही, कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण हेराल्ड मद्रासच्या कारखान्यातून हजारोंनी निघाल्या. ड्रमच्या पत्र्याची आणि रेंगीच्या सांध्यांची ही एकच. ती मी उतरवणार नाही.

सुतारबाबा वारले आहेत. गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या मुलाचा पत्ता लागला. तोही रेंग्या बनवतो. गाडी घेऊन गेलो. तो गाडीभोवती एक फेरी मारून आत गेला आणि माळ्यावरून एक सागवानी फळी घेऊन आला. एका बाजूनं कमानीसारखी कापलेली, कडेला पेन्सिलीच्या इंचांच्या खुणा. "बाबांचा साचा व्हय. कायचा ते मले आजवर समजलं नव्हतं," म्हणाला.

उजव्या मुडगार्डवर फळी टेकवली. मधून उजेड येत नव्हता. डावीकडे टेकवली, तर पुढच्या टोकाला बोटभर फट राहिली. मुलानं दोनदा लावून पाहिली आणि मान हलवली. "हे बाबांचं नोहे." घरी येऊन डाव्या मुडगार्डावर खिडकी घासली: लाल, रेड ऑक्साइड, आणि खाली कोरा पत्रा. उजवीकडे लाल रंगाचे तीन थर आहेत, डावीकडे एकच.

म्हणजे गाडी कधीतरी डावीकडून ठोकली होती आणि मुडगार्ड दुसऱ्याच कोणीतरी बनवलं. दारव्हा, दिग्रस, नेर, आर्णी या भागात लाल दोन-सीटर झाडाला किंवा बैलबंडीला धडकल्याचं तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आठवत असेल, तर त्यांना एवढं विचारा, की दुरुस्तीला ती कोणाकडे नेली होती.